निसर्गचित्रातली चिमणी

'निसर्गचित्र' या शब्दाने आपल्या डोळ्यांचं बरंच नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रजीतला 'लँडस्केप' घ्या किंवा फ्रेंचमधला 'पेइझाज' घ्या, दोन्ही शब्दांत जमीन आहे, मुलूख आहे. मुलूख म्हटला की त्यात शेत येतं, रस्ता येतो, माणसं येतात, पूल येतो आणि कारखानाही येतो. आपण मराठीत शब्द घेताना मुलूख वगळला आणि त्याच्या जागी निसर्ग आणून बसवला. परिणाम आपल्या सगळ्यांच्या चित्रकलेच्या वहीत आहे. दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, वळणं घेत खाली येणारी नदी, काठावर एक झोपडी, बाजूला माड. वर्गाच्या खिडकीतून विजेचा खांब, पाण्याची टाकी, एसटीचा डेपो दिसत असला तरी यातलं काहीही कागदावर उतरवायचं कुणाच्या मनात येत नसे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

हीच नजर घेऊन आपण विमानात बसलो. आता आपल्यापैकी कुणी शिकागोत आहे, कुणी लंडनमध्ये, कुणी दुबईत. पाहुणे आले की त्यांना संग्रहालयात नेतो, मोनेच्या चित्रासमोर उभं करतो आणि म्हणतो, "बघ, किती शांत वाटतं ना!" मग दुकानातून त्याच चित्राचा मग, मॅग्नेट किंवा कॅलेंडर घेऊन घरी येतो. या सगळ्यामागे एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी: एकोणिसाव्या शतकात कारखाने आले, शहरं धुराने भरली, माणूस यंत्राचा गुलाम झाला, आणि तेव्हा काही हळव्या मनाचे चित्रकार स्टुडिओ सोडून, इझल खांद्यावर टाकून, मोकळ्या हवेत निसर्गाला शरण गेले.

ही गोष्ट गोड आहे आणि ती खोटी आहे. शिवाय ती निरुपद्रवी नाही, म्हणून हा लेख.

ज्या चित्राने नाव दिलं ते चित्र

पुराव्यासाठी दूर जायला नको. १८७४ साली पॅरिसमध्ये, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत एक प्रदर्शन भरलं. तिथे क्लोद मोनेचं एक चित्र होतं, 'इंप्रेशन, सनराइज'. टीकाकारांनी त्याच्या नावाची टिंगल केली आणि त्या टिंगलीतून 'इंप्रेशनिझम' हा शब्द रूढ झाला. चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. विचारलं तर लोक सांगतात, नारिंगी सूर्य, निळसर पाणी, दोन होड्या.

आता पुन्हा पाहा, आणि होड्यांच्या मागे पाहा. हे ल आव्र बंदर आहे, त्या काळातल्या फ्रान्सच्या गजबजलेल्या व्यापारी बंदरांपैकी एक. धुक्यात उभ्या दिसतात त्या जहाजांच्या डोलकाठ्या, मालाचे क्रेन आणि धूर ओकणाऱ्या चिमण्या. मोनेने हे चित्र कुठल्या एकांत किनाऱ्यावर बसून काढलेलं नाही, बंदरासमोरच्या हॉटेलच्या खिडकीतून काढलं आहे. म्हणजे ज्या चळवळीला आपण निसर्गाकडे पळालेल्यांची चळवळ म्हणतो, तिचं बारसंच एका औद्योगिक बंदराच्या चित्रावरून झालं. तीन वर्षांनी, १८७७ साली, याच मोनेने पॅरिसच्या सँ-लाझार रेल्वे स्थानकाची डझनभर चित्रं काढली. काचेच्या छताखाली इंजिनांची वाफ कशी साठते, उजेडात तिचा रंग कसा बदलतो, हे त्याने डोंगरावरच्या ढगाइतक्या बारकाईने पाहिलं.

मराठीत चिमणी म्हणजे पक्षीही आणि गिरणीची धुराडीही. आपण या चित्रांत फक्त पहिली चिमणी शोधत राहिलो.

बाहेर नेणारी वाट कुणी बांधली

चित्रकार बाहेर पडू शकले, तेही कारखान्यामुळेच. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. पिशवीला टोचून रंग काढायचा आणि भोक कसंबसं बुजवायचं. ती फुटे, रंग वाळून जाई. १८४१ साली जॉन गॉफ रँड या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढता येईल अशा कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. आज टूथपेस्ट ज्यातून येते त्या ट्यूबचा हा पूर्वज. दुकानातून दहा ट्यूब घ्या, पेटीत टाका, संध्याकाळपर्यंत बाहेर बसा. कथलाच्या पत्र्याचा उद्योग नसता तर हे झालं नसतं.

दुसरी गोष्ट रेल्वे. पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलापर्यंत १८४९ साली गाडी पोचली. त्या जंगलाच्या कडेला बार्बिझाँ गाव आहे, जिथे थिओदोर रूसो, मिले वगैरे मंडळी राहत आणि काम करत. गाडी आली तशी चित्रकारांची, हौशी लोकांची आणि रविवारच्या सहलींची रीघ लागली. सँ-लाझार स्थानकावरून सुटणाऱ्या गाड्यांनी मोने आणि त्याचे मित्र सीन नदीकाठच्या गावांना जात. म्हणजे निसर्गाकडे जायचं तिकीट इंजिनाच्या खिडकीवरच मिळत होतं.

तिसरी गोष्ट रंगच. त्या शतकात रसायनशास्त्राने चित्रकारांना नवे रंग दिले. कोबाल्ट निळा, कृत्रिम अल्ट्रामरीन, व्हिरिडियन हिरवा. आणखी एक होता, एमराल्ड ग्रीन. झळझळीत, ताज्या गवतासारखा. त्यात तांबं होतं आणि आर्सेनिक होतं. हाच रंग वॉलपेपरला, कापडाला आणि टोप्यांवरच्या कागदी फुलापानांना लावत. १८६१ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनमध्ये मॅटिल्डा शूरर नावाची १९ वर्षांची मुलगी वारली. खोट्या पानांवर ती हिरवी पूड भुरभुरवायची हे तिचं काम होतं. चित्रकारांच्या पॅलेटवरचं ताजं हिरवं गवत आणि या मुलीच्या अंगात भिनलेलं विष एकाच रसायनाचं होतं. निसर्गाचा म्हणून जो हिरवा आपण पाहतो, तोदेखील अशा कारखान्यातून आलेला असू शकतो.

पण ते जंगल तर त्यांनीच वाचवलं ना?

हा आक्षेप वजनदार आहे, त्यामुळे तो टाळणार नाही. होय, वाचवलं. १८५२ साली रूसोने फोंतेनब्लोची जुनी झाडं तोडू नयेत असा अर्ज थेट सरकारदरबारी केला. १८५३ मध्ये जंगलाचा ६२४ हेक्टर भाग तोडीतून वगळला गेला. १८६१ मध्ये फर्मान निघालं आणि हे क्षेत्र १,०९७ हेक्टर झालं. अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं ते १८७२ साली. त्याच्या आधी अकरा वर्षं, चित्रकारांसाठी म्हणून एक जंगल राखलं गेलं होतं. ही मोठी गोष्ट आहे.

पण ते कुणासाठी राखलं, हेही पाहा. त्या जंगलात वाळूच्या दगडाच्या खाणी होत्या. पॅरिसचे रस्ते ज्या फरशीने बांधले, ती फरशी तिथून निघत होती. सरपणासाठी काटक्या गोळा करणाऱ्या बायका त्याच जंगलावर जगत होत्या. पाठीवर मोळी घेतलेल्या अशा बायका मिलेने रंगवल्या, त्याच्या चित्रांतून त्या आपल्याला माहीत आहेत. जंगल म्हणजे खाणकामगाराची रोजी, गावकऱ्याची चूल, सरकारचं लाकूड आणि चित्रकाराचा देखावा, हे सगळं एकाच वेळी. त्या फर्मानात देखावा जिंकला. झाडं वाचली याचा मला आनंद आहे. पण त्याला 'निसर्ग विरुद्ध उद्योग' असं नाव देणं म्हणजे भांडणातल्या निम्म्या लोकांना चित्रातून पुसून टाकणं.

दोन मित्र, दोन वाटा

पुसून टाकण्यावरून दोन मित्रांकडे येते. १८७०-७१ मध्ये फ्रान्स-प्रशियाच्या युद्धामुळे मोने आणि कामीय पिसारो दोघेही लंडनला आले होते. पिसारो दक्षिणेकडच्या उपनगरात राहिला. तिथे त्याने १८७१ साली लॉर्डशिप लेन स्थानकाचं छोटंसं चित्र काढलं. दोन्ही बाजूंना गवताळ उतार, नवी घरं, मधून समोर येणारं काळं इंजिन. आज ते लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. तज्ज्ञांनी रंगाच्या थराखाली पाहिलं तेव्हा लक्षात आलं की उतारावर आधी गवत कापणारा एक माणूस होता. पिसारोने तो नंतर रंगवून बुजवला. विळेवाला शेतमजूर म्हणजे हुकमी ग्रामीण गोडवा. त्याने तो काढला आणि इंजिन ठेवलं. आपण असतो तर नेमकं उलट केलं असतं.

फ्रान्सला परतल्यावर पिसारो पाँत्वाजला राहिला. पलीकडच्या काठावर एक कारखाना उभा राहिला होता. १८७३ साली त्याने तो एकापेक्षा अधिक वेळा रंगवला. समोर नदी, गवत, आणि मध्यभागी चिमण्या, ज्यांचा धूर ढगांत मिसळतो. त्यात शाप नाही, स्तुतीही नाही. जे समोर आहे ते आहे. पुढे १८९६ मध्ये, डोळ्यांच्या दुखण्यामुळे खिडकीत बसून काम करावं लागत असताना, त्याने रूआँ शहरातली गोदी, लोखंडी पूल, धूर आणि मजुरांची वर्दळ रंगवली. मुलाला पत्र लिहून कळवलं की हा देखावा व्हेनिसइतकाच सुंदर आहे. त्याच रूआँमध्ये काही वर्षांपूर्वी मोनेने कॅथीड्रलची तीसेक चित्रं काढली होती.

मोनेची वाट हळूहळू वेगळी होत गेली. १८७१ च्या अखेरीस तो आर्झांतोयला राहायला गेला. पॅरिसहून गाडीने थोड्या मिनिटांचं अंतर, नदीवर शिडाच्या होड्या, लोखंडी रेल्वेपूल आणि वाढते कारखाने. सुरुवातीला त्याने हे सगळं एकत्र रंगवलं. १८७५ च्या सुमारास नदीवर कोळसा उतरवणाऱ्या मजुरांचं एक चित्रही काढलं. अरुंद फळ्यांवरून एकामागोमाग चढउतार करणाऱ्या काळ्या आकृत्या. असे कष्टकरी त्याच्या चित्रांत पुन्हा क्वचितच दिसतात. आर्झांतोयला कारखाने वाढले, पॅरिसचं सांडपाणी नदीत उतरत होतं, आणि मोनेची नजर स्वतःच्या बागेकडे वळली. १८७८ मध्ये त्याने ते गाव सोडलं. १८८३ पासून तो झिव्हर्नीत राहिला.

झिव्हर्नीचं तळं तर आपल्या सर्वांच्या मगवर आहे. त्या तळ्याबद्दल दोन गोष्टी सांगते. १८९३ साली मोनेने ओढ्याचं पाणी वळवून तळं करायची परवानगी मागितली, तेव्हा गावकऱ्यांनी हरकत घेतली. परदेशी झाडांनी पाणी बिघडेल, खालच्या अंगाला कपडे धुतात, गुरं पाणी पितात, असं त्यांचं म्हणणं होतं. परवानगी अखेर मोनेला मिळाली. दुसरी गोष्ट: त्याचं घर आणि तळं यांच्या मधून रेल्वेचा रूळ जात होता. कमळं रंगवायला जाताना तो रूळ ओलांडून जायचा. कमळांची त्याची चित्रं अडीचशेच्या आसपास आहेत. त्यांपैकी एकातही रूळ नाही.

मोने वाईट आणि पिसारो चांगला, असा निकाल मला द्यायचा नाही. कमळांसमोर मीही थांबते. मला एवढंच म्हणायचं आहे की रूळ नसणं हा निसर्ग नाही, तो निर्णय आहे. चौकट कुठे संपवायची हे कुणीतरी ठरवलं. आपण मात्र चौकटीच्या आतलं पाहून बाहेर काही नव्हतंच असं मानून घेतो.

धुक्याचं सौंदर्य आणि छातीतला कफ

माझं रोजचं काम हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर आहे, म्हणून लंडनच्या धुक्याबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे. दगडी कोळसा जळला की काजळी निघते आणि सल्फर डायऑक्साइड निघतो. या वायूपासून हवेत सल्फेटचे बारीक कण तयार होतात. ते प्रकाश विखुरतात. मग दूरच्या इमारतीची कड पुसट होते, काळा रंग राखाडी दिसतो आणि सगळं दृश्य दुधाळ होतं. २०२३ मध्ये हवामानशास्त्रज्ञांनी टर्नर आणि मोनेच्या जवळपास शंभर चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चित्रांतल्या कडा किती ठळक आहेत, हे मोजून त्यांनी त्या काळच्या सल्फर डायऑक्साइडच्या अंदाजांशी ताडून पाहिलं. हवा बिघडत गेली तशी चित्रं धूसर होत गेली, असं त्यांना आढळलं.

अभ्यास चांगला आहे. पण त्यानंतर "इंप्रेशनिझम म्हणजे निव्वळ प्रदूषण" अशा अर्थाचे जे मथळे फिरले, ते निसर्गवाल्या गोष्टीइतकेच आंधळे आहेत. मोने म्हणजे हवेची गुणवत्ता मोजायचं यंत्र नव्हता. लंडनची चित्रं त्याने १८९९ ते १९०१ या काळात तीन फेऱ्यांत सुरू केली आणि झिव्हर्नीच्या स्टुडिओत बसून वर्षानुवर्षं पूर्ण केली. १९०४ मध्ये पॅरिसला त्यांतली ३७ मांडली. धुकं त्याला दिसलं एवढंच नाही. त्याला ते हवं होतं. धुक्याशिवाय लंडन सुंदर झालं नसतं, असं त्याचं म्हणणं होतं. ४ मार्च १९०० या दिवशी सकाळी उठून त्याने पाहिलं तर धुक्याचा मागमूस नव्हता. तो घाबराघुबरा झाला, सगळी चित्रं वाया गेली असं त्याला वाटलं. मग हळूहळू शेकोट्या पेटल्या, धूर परत आला आणि त्याचा जीव भांड्यात पडला, असं त्यानेच बायकोला लिहिलं आहे. तो रविवार होता.

आता तो उभा कुठे होता ते पाहा. पूल रंगवायला सॅव्हॉय हॉटेलची वरच्या मजल्यावरची खोली. पार्लमेंट रंगवायला नदीपलीकडच्या सेंट थॉमस रुग्णालयाची गच्ची. म्हणजे जगातलं सर्वांत प्रसिद्ध धुकं एका इस्पितळातून रंगवलं गेलं. त्याच शहरात १८७३ च्या डिसेंबरमधल्या धुक्यात इस्लिंग्टनच्या जनावरांच्या प्रदर्शनातली गुरं गुदमरून मेली होती. १९५२ च्या धुक्याने हजारो माणसं नेली तेव्हा कुठे १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला. खुद्द मोनेला १९०१ साली लंडनमध्ये फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला आणि तो अंथरुणाला खिळला. त्यानंतर तो तिथे काम करायला परतला नाही.

हे सगळं जाणून मी ती चित्रं पाहते तेव्हा ती कुरूप होत नाहीत. उलट त्यांचा धाक वाटतो. वॉटर्लू पुलामागची चिमण्यांची रांग दिसू लागते आणि जांभळा उजेड कुणाच्या भट्टीतून आला हे आठवतं. "तू प्रदूषणाचा अभ्यास करतेस म्हणून तुला सगळीकडे धूरच दिसतो, जरा आनंद घे की!" असं मला ऐकवलं जातं. माझं उत्तर असं की मोनेलाही धूरच दिसला होता. मी फक्त तो पाहत होता तिकडे पाहते आहे.

आपल्या मुखपृष्ठावरचं कोकण

इथवर वाचून कुणी म्हणेल, फ्रान्स-इंग्लंडच्या दीडशे वर्षांपूर्वीच्या चित्रांशी आपलं काय देणंघेणं? देणं आहे. कारण 'चिमणी वगळा' ही सवय आपण संग्रहालयापुरती ठेवलेली नाही.

परदेशातल्या मंडळांचे दिवाळी अंक काढून बघा. मुखपृष्ठावर किती वेळा कोकण येतं: कौलारू घर, माडांची रांग, अंगणातलं तुळशीवृंदावन, मागे खाडी. सुंदर असतं. पण ते घर कशावर उभं होतं? अर्धं कोकण कित्येक पिढ्या गिरणगावाच्या मनीऑर्डरवर जगलं. घरातला कर्ता पुरुष लालबाग-परळच्या चाळीत गाळ्यात झोपायचा, सकाळी भोंगा झाला की गिरणीत जायचा, आणि त्या पगारातून गावाकडच्या छपराची कौलं शाकारली जायची. त्या मुखपृष्ठावरच्या प्रत्येक कौलामागे गिरणीची चिमणी आहे. फक्त ती चौकटीबाहेर, काही शे किलोमीटरवर आहे. पुढच्या पिढीत त्या चिमणीच्या जागी आखाती देशातली रिफायनरी आली, न्यू जर्सीतली आयटी कंपनी आली. तीही चित्रात येत नाही. म्हणजे चौकटीबाहेरचा कारखाना आता आपणच आहोत.

आणि खाडी? लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. ही खाडी आपल्या मुखपृष्ठावर येते तेव्हा निळीच असते.

या चित्राचे परिणाम होतात. २०२३ मध्ये बारसूला रिफायनरीच्या माती परीक्षणावरून गावकरी रस्त्यावर आले, तेव्हा परदेशातल्या आपल्या व्हॉट्सॲप गटांवर दोनच आवाज मोठे होते. एक म्हणत होता, "आमचं कोकण होतं तसंच राहू दे." दुसरा म्हणत होता, "विकासाला विरोध करणारे मूर्ख." दोन्ही आवाज मुलखाबद्दल नव्हते, चित्राबद्दल होते. एकाला कॅलेंडर बिघडू द्यायचं नव्हतं, दुसऱ्याला जुनं कॅलेंडर फाडून नवं लावायचं होतं. तिथल्या माणसाला सडा कशासाठी लागतो, आंब्याचं आणि मासळीचं उत्पन्न किती, मुलं मुंबईला का जातात, नोकरी नक्की कुणाला मिळणार, हे प्रश्न विचारायला त्या माणसाला आधी चित्रात यावं लागतं. आपल्या आठवणीतला देखावा तसाच राहावा, हा युक्तिवाद नव्हे. ती फोंतेनब्लोतल्या पाहुण्याची मागणी आहे.

आणि आपल्यातले जे लोक "सी व्ह्यू" प्लॉट घेऊन ठेवतात, त्यांनी झिव्हर्नीच्या धोबिणींना जरूर आठवावं. बाहेरून पैसे घेऊन आलेला माणूस पाणी वळवतो, कुंपण घालतो, आणि आत जे फुलतं त्याला निसर्ग म्हणतो. फरक एवढाच की मोनेने त्या बदल्यात निदान कमळं तरी रंगवली.

आपल्याकडे वेगळं पाहणारे नाहीत असं नाही. सुधीर पटवर्धन यांनी ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करत उल्हासनगर रंगवलं, 'लोअर परळ' रंगवलं. ते इझल घेऊन उघड्यावर बसणाऱ्यांपैकी नव्हेत. पण त्यांच्या चित्रांत मुलूख आहे: गिरणी, पूल, रूळ, झोपड्या, नवे टॉवर आणि त्यांच्यामधून वाट काढणारी माणसं. या चित्रांना आपण सहजपणे निसर्गचित्र म्हणणार नाही. पिसारोच्या पाँत्वाजला म्हणतो. हा आपल्या शब्दाचा दोष आहे, चित्रांचा नाही.

मग काय करायचं

पिसारो आपल्याला जवळचा वाटायला हवा, त्याला आणखी एक कारण आहे. तो फ्रान्समध्ये जन्मला नव्हता. कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर, त्या काळच्या डॅनिश वसाहतीत, १८३० साली त्याचा जन्म झाला. माड आणि समुद्र त्याच्या लहानपणाचे होते आणि तरुणपणी त्याने ते रंगवलेही. पंचविशीत तो पॅरिसला आला, जन्मभर फ्रान्समध्ये परदेशी नागरिक म्हणून राहिला. आयुष्यभर तो माडच आठवत बसू शकला असता. त्याऐवजी जिथे राहत होता तिथला चिखल, भाजीबाजार, रेल्वे आणि धुराडी त्याने रंगवली. स्थलांतरिताने आपल्या मुलखाकडे कसं पाहावं, याचा यापेक्षा चांगला धडा माझ्या तरी माहितीत नाही.

त्यामुळे माझ्या मागण्या साध्या आहेत. पुढच्या वेळी मोने, पिसारो, सरा यांच्यासमोर उभे राहाल तेव्हा आधी पार्श्वभूमी पाहा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत सराचं 'बेदर्स ॲट आस्निएर' हे १८८४ चं चित्र आहे. नदीकाठी पाय सोडून बसलेले कामगार सगळे पाहतात, त्यांच्या मागच्या क्लिशीच्या चिमण्या मोजा. मुलांना बरोबर न्याल तर त्यांना मोजायला सांगा, त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर दिसतात. राहता त्या गावात वीज कुठून येते, नदी कुणी अडवली, विमानतळाजवळच्या स्वस्त घरांत कोण राहतं, ते एकदा पायी जाऊन बघा. मंडळाच्या अंकाच्या संपादकांना विनंती आहे की एका वर्षी मुखपृष्ठावर खाडी छापा, पण तिच्या काठावरच्या वसाहतीसकट. एखादं वर्ष गिरणगाव छापा, चेंबूर छापा. वर्गणीदार तक्रार करतील. करू देत.

आणि तो शब्द. 'भूदृश्य' आपल्याकडे आहे, थोडा जड आहे, पण वापरला की रुळेल. तो नको असेल तर सरळ 'मुलखाचं चित्र' म्हणा. लहान मुलाच्या हातात खडू दिलात आणि "निसर्गचित्र काढ" म्हणालात, तर ते दोन डोंगरच काढेल. "आपल्या खिडकीतून काय दिसतं ते काढ" असं सांगून बघा.